काउंटरला हात लावू नकोस

"हात बघितलेस का गं तुझे?" सर म्हणाले. अख्खी लॅब हसली.

माझ्या बोटांना टोमॅटोचा काळा चिकटा होता. माझ्या गावी, कवठे येमाईला, सकाळी तोडणी करून, धावत एसटी पकडून मी शिरूरच्या कॉलेजात आले होते. हा चिकटा साबणानं जात नाही. कच्चा टोमॅटो चोळावा लागतो. तेवढा वेळ नव्हता.

"किरणोत्सार मोजायचा हा जीएम काउंटर आहे, खुरपं नाही. हात लावू नकोस. तुझ्या गटातली ही दोघं मोजतील, तू लांबून लिहून घे."

एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. न्यूक्लिअर आणि पार्टिकल फिजिक्स हा विषय मी हट्टानं घेतला होता. वर्गात याच सरांनी शिकवलं होतं : अणूचं केंद्रक कधी फुटेल, ते कुणालाच सांगता येत नाही. तोच किरणोत्सारी तुकडा, तेच यंत्र, तरी दर वेळी मोजणी वेगळी येते. म्हणून प्रत्येकानं स्वतः शंभर वेळा मोजायचं. दहा-दहा सेकंद.

मला काउंटरची ती टकटक माझ्या हातानं सुरू करायची होती. बाकी काही नको होतं.

मी लांब उभी राहिले. दोघांनी आकडे सांगितले, मी लिहिले. शंभर.

घरी आईनं विचारलं, "चालवली का गं मशीन?"

"व्हय," म्हणाले.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक म्हणून एक मॅडम आल्या. तिघांच्या वह्या त्यांनी शेजारी शेजारी उघडल्या. "शंभरच्या शंभर आकडे सारखे? तिघांनी वेगळं मोजलं, तर हे होऊच शकत नाही."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं उतरवलेत. खेड्यातून येतात मॅडम, यांना उतरवायची सवय."

ती दोघं खाली बघत राहिली.

मॅडमनी कोरा कागद पुढं केला. "आकडे चोरले, असं लिहून माफी माग. पास करते."

पेन धरलं. शंभर आकडे त्या दोघांचेच होते, हे खरं. पण चोरले?

"न्हाई लिहिणार," मी म्हणाले. लॅबमध्ये गावची बोली आली, येऊ दे. "मला हात लावू दिला न्हाई. ते लिहिते."

"नापास होशील," सर म्हणाले.

"व्हय."

तेवढी एकच ओळ लिहिली. खाली सही केली. नापास झाले. ती दोघं पास. सरांना कुणी काही विचारलं नाही. माझा कागद कुठं गेला, ठाऊक नाही.

माझे वडील, आप्पा, म्हणाले, "द्यायची की माफी लिहून. आपलं कोण ऐकतंय, बाई?"

"आप्पा, माझं चुकलं काय?"

ते कच्चा टोमॅटो घेऊन आपले हात चोळत बसले. कितीतरी वेळ.

आता प्रॅक्टिकल पुन्हा आहे. तीच लॅब, तेच सर. त्या दिवशीही तोडणी आहे. तोडणी करूनच जाणार. हात चोळणार नाही. काउंटरचं बटण याच बोटानं दाबणार आणि शंभर वेळा मोजणार. तोवर सरांनी लांब उभं राहावं.