पहिल्या ओळीतली काकू

गेल्या फाल्गुनात मी पाण्याच्या पाळीच्या यादीतून माझ्या सख्ख्या काकूचं नाव उडवलं. मुद्दाम नाही. मुद्दाम उडवलं असतं तर निदान माझ्या लक्षात तरी राहिलं असतं.

यादी आमच्या गावच्या उपसा सिंचन मंडळीची. तापीतून मोटारीने पाणी उचलायचं, चारीत सोडायचं आणि ठरलेल्या क्रमाने एकेकाच्या वावरात फिरवायचं, एवढंच मंडळीचं काम. तेवीस वावरं, दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे आठ दिवसांची एक फेरी. मी या मंडळीचा सेक्रेटरी. शाळेत मी गणित शिकवतो, आणि ज्याला त्रिकोण कळतो त्याला पाणीही कळत असणार असा गावाचा एक जुना गैरसमज आहे.

पाळ्यांची यादी पंपघराच्या भिंतीवर, फळ्यावर असायची. ती लिहायचे मोटार चालवणारे आबा. दर फेरीला कुणाचा गहू निघालेला असतो, कुणाला अर्धीच पाळी हवी असते, म्हणून यादी दर वेळी नवी. फळ्याला टेकून गप्पा मारायची सगळ्यांना सवय, त्यामुळे दोन दिवसांत अर्धी नावं लोकांच्या सदऱ्यांवर जायची. मग भांडण. आबा ज्याच्या सदऱ्याची पाठ पांढरी असेल त्याला उभा करून पाठ वाचायचे आणि निकाल द्यायचे. पद्धत चांगली होती. ती मोडायची दुर्बुद्धी मला झाली.

मंडळीच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. त्याच्यावर टॉवेल असायचा आणि टॉवेलावर आबांची टोपी. एका बैठकीत मी उठून सांगितलं की पाळ्यांचा तक्ता आता यावर करू. बटण दाबलं की नावं आपोआप रांगेत येतील, कागद छापायचा, पंपघरात चिकटवायचा. तुम्ही करा म्हणून मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

बोलून बसलो होतो, म्हणून नंदुरबारला रविवारच्या वर्गात नाव घातलं. स्क्रिप्ट लिहायला शिकवणारा, अगदी नवशिक्यांचा वर्ग. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांकडून वारा आला की सगळा वर्ग एका सुरात शिंकायचा आणि शिकवणाऱ्या मॅडम तेवढा वेळ थांबायच्या. मॅडम नवापूरकडच्या, वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या. मी मात्र पहिल्या बाकावर, पाटी-पेन्सिल आणल्यासारखा.

माझ्या शेजारी विसरवाडीचा एक टायरवाला बसायचा. हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान; कोणत्या ट्रकचं कोणतं टायर दुरुस्तीला पडून आहे याचा तक्ता त्याला करायचा होता. पडद्यावर खिडकी काढायची, खिडकीत रिकामा तक्ता ठेवायचा आणि फाइलमधली एकेक ओळ वाचून तक्त्यात एकेक रांग भरायची, एवढाच आम्हा दोघांचा अभ्यासक्रम. ऐकायला सोपा आहे.

पहिल्या रविवारी मी कॉलम न करताच रांगा भरायला लागलो. मॅडम म्हणाल्या, सर, मांडव घातला नाही आणि तुम्ही पंगत बसवताय. दुसऱ्या रविवारी मांडव घातला. बटण दाबलं, तेवीस नावं आली. आनंदाने पुन्हा दाबलं, शेचाळीस झाली. विश्वास बसेना म्हणून तिसऱ्यांदा दाबलं. मॅडमनी शांतपणे सांगितलं की तक्ता आधी रिकामा करायचा असतो, मग भरायचा. टायरवाल्याची गत वेगळी. त्याच्या सगळ्या रांगांत शेवटच्याच ट्रकचा नंबर येत होता. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, चला, सगळा हायवे एकाच शेठचा झाला.

तिसऱ्या रविवारी माझा तक्ता बरोबर भरला, फक्त पहिली पाळी श्रींना गेली. आमच्या गावात कुठलीही यादी वर 'श्री' लिहिल्याशिवाय सुरू होत नाही, मग ती लग्नाची असो की किराण्याची. गुरांना लस टोचायच्या यादीतसुद्धा बैलांच्या आधी श्री. आबांच्या फळ्यावर होता, तसा मी त्या आठवड्यात फाइलमध्येही पहिल्या ओळीला श्री टाकला होता. कॉम्प्युटरने त्याला खातेदार समजून सकाळची पहिली पाळी देऊन टाकली.

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी दोन उपाय सांगितले. एक तर श्री काढून टाका, नाहीतर पहिली ओळ सोडून पुढून वाचा. श्री खोडायला माझा हात होईना. मी पहिली ओळ सोडली. कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून लागतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये शून्याच्या जागी एक लिहिला. झालं. तेवीस नावं, तेवीस रांगा. एक फेरी त्या कागदावर सुरळीत पार पडली. आबांनी कागद बघून मान हलवली आणि फळा उतरवून पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवला.

इथे काकूविषयी सांगायला हवं. काका गेल्यावर तिने वावर स्वतःच्या हातात घेतलं. तिचं वावर चारीच्या तोंडाशी, म्हणून यादीत तिचं नाव नेहमी पहिलं. या वर्षी तिने पपई लावली होती. अंगणात पिशव्यांमध्ये बी टाकून स्वतः वाढवलेली चारशे रोपं, होळीच्या तोंडावर वावरात नेऊन लावलेली. पहिला महिना त्यांना वेळेवर पाणी मिळालं पाहिजे. ती रोपं गेली तर हंगामात पुन्हा तशी मिळणार नव्हती. काकूचं पुढचं अख्खं वर्ष त्या चारशे काड्यांवर उभं होतं.

होळीच्या दिवसांत मॅडम सातपुड्यातल्या काठी गावची मोठी होळी बघायला गेल्या आणि त्या रविवारी वर्गाला सुट्टी मिळाली. मला घरी बसवेना, म्हणून मंडळीची खोली उघडून बसलो. खिडकीच्या वरच्या बाजूला एक पट्टी ठेवून तिच्यावर मजकूर लिहिता येतो हे आम्ही नुकतंच शिकलो होतो. मला वाटलं, श्रींची खरी जागा तीच. फाइलच्या कोपऱ्यात देवाला कशाला बसवायचं? म्हणून फाइलमधून श्री उचलला आणि पट्टीवर मोठ्या लाल अक्षरांत ठेवला. भोवती दोन्ही बाजूंना दोन-दोन उभे दंड दिले. इतका देखणा दिसायला लागला की बायकोला तिथे बोलावून दाखवला. ती म्हणाली, छान आहे, आता जेवायला या.

स्क्रिप्टमधला तो एक मात्र तसाच राहिला. ओळ सोडायचं काम त्याने इमानाने चालू ठेवलं. आता पहिल्या ओळीत श्री नव्हता. काकू होती.

नव्या फेरीचा कागद छापला, चिकटवला. रांगांना नंबर कॉम्प्युटरच घालत होता. एकपासून बावीसपर्यंत, मध्ये कुठे खाडा नाही. तेविसावा कुठे गेला हे मी बघितलं नाही. माझी नजर वरच्या लाल अक्षरांवरून हलत नव्हती.

त्यानंतरचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार सन्मानाचे गेले. चहाच्या टपरीवर एकाने मला बसायला बाकडं पुसून दिलं. मंडळीचे चेअरमन, जे एरवी माझ्याकडे फक्त सही मागतात, ते रस्त्यात थांबून म्हणाले की तुम्ही सुरुवात स्वतःच्या घरापासून केली हे फार बरं झालं. मला वाटलं, तक्त्याबद्दल बोलताहेत. मी नम्रपणे म्हणालो, अहो, एकदा पद्धत बसली की पुढे आपोआप होतं, आपल्याला विचारही करावा लागत नाही. चेअरमननी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चष्मा काढून पुसला आणि पुढे निघाले. आता कळतं की त्यांना गहिवरून आलं होतं.

पुढची फेरी शनिवारी सुरू झाली. सकाळची शाळा संपवून दुपारी बाराच्या सुमारास मी वावराच्या रस्त्याने येत होतो. त्या दिवसाची तिसरी पाळी माझी होती आणि पाणी नुकतंच माझ्या भुईमुगात वळलं होतं. काकूच्या बांधाशी गाडी थांबवली, कारण काकू शेजारच्या गोठ्यातल्या हौदातून हंडा भरून आणत होती आणि तांब्याने एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालत होती. रोपांनी माना टाकल्या होत्या. तिची टाचही चिखलाने नाही, धुळीने भरलेली होती.

मी विचारलं, आज पहिली पाळी तुझी होती ना, मग हंडा कशाला?

काकूने हंडा खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. "ऱ्हाऊ दे भाऊ," ती म्हणाली. "तू घरनासले मांगे ठेवं, लोकेसना तोंडं बंद व्हयनात. चांगलंच करं तू. पन रोपं उनमा टिकतीन का नही, ते मी काय सांगू."

घरच्यांना मागे ठेवलं म्हणून लोकांची तोंडं बंद झाली. टपरीवरचं बाकडं, चेअरमनचा हात, सगळं एका क्षणात उलगडलं. सेक्रेटरीने सख्ख्या काकूची पाळी कापली, केवढा नि:पक्षपाती माणूस, असं अख्खं गाव आठ दिवस बोलत होतं. आणि काकूने ते खरं मानून, माझी मान खाली जाऊ नये म्हणून, आठ दिवस हंडे वाहिले होते.

लपवण्यात अर्थ नाही: क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पाळी गुपचूप लावून द्यावी आणि मोठेपणा तसाच ठेवावा. एवढा मोठेपणा मला पुन्हा कोण देणार होतं? पण समोर ती रोपं होती आणि मान टाकलेल्या रोपांसमोर माणसाला फार वेळ थोर राहता येत नाही. मी म्हणालो, काकू, मी काही ठेवलं-बिवलं नाही, माझी चूक झाली. आणि ती काही विचारायच्या आत गाडी पंपघराकडे पिटाळली.

आबा पंपघराच्या सावलीत बसले होते. मी म्हणालो, माझं पाणी तोडा आणि काकूच्या वावरात वळवा. ते जागचे हलले नाहीत. काकूचं नाव दोन फेऱ्या नाही हे तुम्हाला दिसलं नाही का, मी विचारलं.

"दिसनं ना," आबा म्हणाले. "कागदवर नाव नही, म्हनीसन पानी नही. मी म्हनं, सर शिकेल मानूस शे, काहीतरी इचार करेल व्हई."

बरं, आता द्या पाणी, मी म्हणालो. तर ते म्हणाले, कागद आणा. हा नियम मीच त्यांना घालून दिला होता: ज्याचं नाव कागदावर त्यालाच पाणी, तोंडी काही चालणार नाही. मी गावात मंडळीच्या खोलीवर गेलो, टॉवेल बाजूला केला, स्क्रिप्टमध्ये एकाचा शून्य केला. काकू पहिल्या रांगेत येऊन बसली. आणि छापायला गेलो तर प्रिंटरची शाई संपलेली. उरलीसुरली सगळी शाई लाल श्रींनी पिऊन टाकली होती.

परत पंपघरी आलो आणि हात जोडून म्हणालो, आबा, फळा. त्यांनी टाकीवरचा फळा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, खिशातून खडूचा तुकडा काढला आणि आधी सावकाश, वेलांटी नीट वळवत, श्री लिहिला. मी घड्याळाकडे बघत होतो. मग त्याखाली काकूचं नाव. मग उठून चारीची फळी फिरवली.

पुढे त्या चारशेपैकी तीसेक रोपं गेलीच, बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी माना वर केल्या. त्या दुपारी मात्र यातलं काही माहीत नव्हतं. पाणी सरीसरीतून पुढे जात होतं आणि काकू फावडं घेऊन त्याच्या पुढे-पुढे. वावराच्या वरच्या कडेला दोन ओळी जरा उंचावर आहेत. तिथे चारीचं पाणी चढत नाही. तिथल्या रोपांना हंड्यानेच घालावं लागतं. मीही पॅंट दुमडून गेलो.

पण नुसतं पाणी घालून माझं समाधान होईना. काकूला वाटू नये की मी हलगर्जी आहे. म्हणून मी तिला नीट समजावून सांगायला लागलो. बांधावर ढेकळं मांडली. हे बघ, म्हटलं, कॉम्प्युटर मोजतो तेव्हा पहिल्याला शून्य म्हणतो, दुसऱ्याला एक. आधी पहिल्या ढेकळावर श्री होता, म्हणून मी एकापासून सुरू केलं. मग श्री पट्टीवर गेला, म्हणजे पहिल्या ढेकळावर तू आलीस, पण सुरुवात एकापासूनच राहिली. म्हणजे तशी स्क्रिप्ट चुकीची नव्हती, फाइलही चुकीची नव्हती, दोन्ही आपापल्या जागी बरोबरच होत्या, फक्त त्यांचा मेळ...

काकू कमरेवर हात ठेवून ढेकळांकडे बघत होती. सगळं ऐकून घेतलं तिने.

"इतलं पुरान कसाले सांगी ऱ्हायना?" ती म्हणाली. "भुली गया म्हन, नि हंडा उचल."