टॅनर आडनावाचा नकाशा

"आडनावाला 'कर' लावलं, की काही पत्ताच लागत नाही बाई हल्ली. कोण, कुठले, काय."

पँट्रीतून आवाज आला तेव्हा मी दाराबाहेर कागदी प्लेट्सचा गठ्ठा घेऊन उभी होते. परदेशातल्या आमच्या या शहरात, मरीन परेड भागातल्या एका काँडो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये दर रविवारी सकाळी मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा. माझी दहा वर्षांची बहीण तिथे शिकायला जायची आणि मी मदतीला. फळा पुसायचा, खाऊ वाढायचा, खुर्च्या मांडायच्या. या कामांत बोलावं लागत नाही, म्हणून मला ती आवडायची.

बोलत होत्या त्या वर्ग चालवणाऱ्या काकू. पुण्याच्या, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. दुसऱ्या बाई हसून म्हणाल्या, "मग विचारायचं की सरळ."

"विचारते ना."

मी मनात वीसपर्यंत आकडे म्हटले आणि मग आत जाऊन प्लेट्स ठेवल्या. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या वाईट नव्हत्या. मला ताप आला तेव्हा त्यांनी डब्यातून मऊ भात पाठवला होता.

त्या दिवशी मुलांना एक तक्ता करायला दिला, 'माझं घराणं'. आडनाव, मूळ गाव, कुलदैवत आणि घराण्याचा व्यवसाय, असे चार रकाने. दोन आठवड्यांनी सगळ्या पालकांसमोर वाचून दाखवायचा. खुर्च्या आवरताना काकू माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचं आडनाव गावावरून पडलेलं दिसतंय. मूळचं काय गं?"

"हेच," मी म्हणाले.

"आणि घरी काय होतं? म्हणजे आजोबा वगैरे?"

"शेती."

"अगं वा! किती?"

"थोडी."

मला कोणी हे सांगायला शिकवलं नव्हतं. शब्द तोंडात तयारच होता. बसमध्ये बहीण खिडकीशी बसून तक्त्याच्या कडेने फुलं काढत होती आणि माझे कान गरम झाले होते.

आमच्या घरी शेती नव्हती. आजोबा कातडी कमावायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. गावाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचे चुन्याचे हौद होते. मी इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे या कामाचा इंग्रजी शब्द मला रसायनशास्त्राच्या पुस्तकातून आधी कळला. 'कमावणं' हा शब्द मी आजोबांकडून फार उशिरा शिकले. बाबांनी कॉलेजात असताना सरकारी गॅझेटमध्ये नोटीस देऊन आडनाव बदललं आणि गावाच्या नावाला 'कर' लावून घेतलं. त्या पानाचं कात्रण आमच्या निळ्या फाइलमध्ये, पासपोर्ट आणि पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, कागदांच्या मागे असायचं. नवीन घर, नवीन शाळा, नवीन नोकरी, सगळीकडे ती फाइल बरोबर यायची. ते कात्रण मात्र कधी बाहेर निघत नसे.

आणि त्या महिन्यांत आजोबा आमच्याकडेच होते. तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या गादीवर, तीन महिन्यांच्या व्हिजिट पासवर. आले त्याच दिवशी त्यांनी माझी ऑफिसची बॅग हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "क्रोमचं हाय. सालीचं न्हाई." म्हणजे रसायनात कमावलेलं, झाडाच्या सालीत नाही. त्यांच्या अंगठ्यांची नखं काळपट तपकिरी होती. साबणाने जाण्यासारखी नव्हती. वीस वर्षं काम सोडून झाली, तरी नवं नख येताना तसंच यायचं.

सोमवारी ऑफिसात गेले तर आमच्या साहेबांच्या केबिनच्या काचेवर एक नकाशा चिकटवलेला होता. साहेब इंग्रज, पन्नाशीचे. ऑफिसात आम्ही सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायचो, त्यामुळे त्यांचं आडनाव फक्त दारावरच्या पाटीवर दिसायचं, टॅनर. इंटरनेटवर तेव्हा नुकतीच अशी पानं निघाली होती. आडनाव टाकलं की ते कुठून आलं, त्याचा अर्थ काय, आज त्या आडनावाची माणसं कुठे राहतात, हे सगळं यायचं. साहेबांनी शनिवारी बसून ते काढलं होतं आणि रंगीत छापलं होतं. इंग्लंडच्या दक्षिणेकडे रंग गडद होता आणि वर जाता जाता फिका.

"टॅनर म्हणजे कातडी कमावणारा," ते सगळ्यांना सांगत होते. "ओकच्या झाडाची साल कुटायची, पाण्यात टाकायची, त्यात महिनोन्महिने कातडी बुडवून ठेवायची. एवढा वास, की आमच्या लोकांना गावाबाहेर ठेवायचे. नदीच्या खालच्या अंगाला!"

"म्हणून तुमच्या केबिनचं दार बंद असतं का, बॉस?" आमच्यातला एक चिनी सहकारी म्हणाला. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने साहेब हसले. मीही हसले, पण जरा मागून.

"स्वित्झर्लंडमध्येही टॅनर आहेत," साहेब म्हणाले, "पण त्यांचं नाव फर नावाच्या झाडांच्या जंगलावरून पडलं. त्यांना झाडं मिळाली आणि आम्हाला गाईची कातडी. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, सगळीकडे पांगलेत. आता एक जण कातडं करत असेल तर शपथ." मग ते माझ्याकडे वळले. "तुझ्या आडनावाचा अर्थ काय?"

"गावाचं नाव आहे," मी म्हणाले. "फक्त गाव."

"नशीबवान आहेस. वास नाही."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला दिवसभर टोचत राहिलं. मी दुसऱ्या कुणाची नात असते तर कदाचित मलाही तो नकाशा गमतीचा वाटला असता. पण मी कीबोर्डवरची माझी बोटं बघत होते आणि विचार करत होते, हा माणूस हे बोलून आता आरामात जेवायला जाईल. प्रिंटरपाशी त्याच नकाशाचा एक फिका आलेला कागद टाकून दिलेला होता. मी तो घडी करून बॅगेत टाकला.

घरी आल्यावर आजोबांना दाखवला. बाबा अजून आले नव्हते. आजोबांनी चष्मा लावून तो कागद गुडघ्यावर पसरला.

"हे समदे आपल्यातलेच का?"

"त्यांच्यातले. पण काम तेच. ओक नावाच्या झाडाची साल वापरायचे."

"आपली बाभळीची. आन् हिरडा." त्यांनी गडद भागावरून अंगठा फिरवला. "ह्यो तुझा सायेब. त्यानं आपणहून सांगितलं?"

"हो. काचेवर लावलंय."

"आन् लोक काय म्हनले?"

"हसले. तोही हसला."

आजोबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "त्याला कुनी खोली नाकारली नसंल. त्याचं कातडं कवाच वाळलं, पोरी. आपलं अजून ओलं हाय."

त्यांनी कागद माझ्या घडीवरच बरोबर दुमडला आणि उशीखाली ठेवला. परत मागितला नाही मी.

पुढच्या रविवारी आजोबा म्हणाले, मी पण येतो, पोरी काय शिकतात बघतो. मला नको होतं, पण नको म्हणायला कारण सापडलं नाही. वर्ग सुटल्यावर काकू हसत हसत त्यांच्याकडे आल्या, वाकून नमस्कार केला. हेही मला सांगायला हवं, की त्यांनी वाकून नमस्कार केला.

"आजोबा, शेती काय म्हणते यंदा? काय काय पिकवता?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी टेबलावरचे चमचे गोळा करायला लागले.

"ज्वारी," आजोबा म्हणाले. "आन् थोडा भुईमूग."

"पाऊस बरा का तिकडे?"

"बरा हाय की."

दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. एसीच्या वाऱ्याने त्यांना थंडी वाजत होती, म्हणून मी माझी ओढणी दिली. चार-पाच स्टॉप गेल्यावर ते म्हणाले, "अजून काय काय पिकवायचं, ते सांगून ठेव. पुढच्या येळी चूक नको व्हायला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माफी मागायला हवी होती, पण कोणत्या भाषेत सुरू करायची तेही मला समजेना. इंग्रजीत 'सॉरी' म्हटलं असतं तर ते नुसते हसले असते.

गुरुवारी संध्याकाळी बहीण तक्ता घेऊन जमिनीवर बसली. तीन रकाने भरून झाले होते. चौथ्यापाशी तिने पेन चावत विचारलं, "ताई, काय लिहायचं?"

"शेती लिही," बाबा जेवणाच्या टेबलावरून म्हणाले.

"बट आजोबा लेदर करायचे ना? सो कूल, लाह! माझ्या वर्गात कुणाच्याच आजोबांनी लेदर नाही केलं." वाक्याला 'लाह'चं शेपूट लावायला ती इथल्या शाळेतच शिकली होती.

"कूल," बाबा म्हणाले. ते हसले नाहीत. उठून त्यांनी निळी फाइल आणली आणि ते कात्रण टेबलावर ठेवलं. मी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. तपकिरी पडलेली, बोटभर लांबीची पट्टी. जुनं नाव, नवं नाव, पत्ता.

"पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका घरी खोली ठरली होती," बाबा बहिणीला सांगत होते, पण बघत माझ्याकडे होते. "ट्रंक आत ठेवून झाली. चहा झाला. मग बाईंनी आडनाव विचारलं. दहा मिनिटांनी मालक म्हणाले, भाचा येणार आहे राहायला, विसरलोच. ट्रंक मी पुन्हा स्टेशनवर नेली. तुमच्यावर ट्रंक उचलायची पाळी येऊ नये, म्हणून हे केलं. लाज वाटली म्हणून नाही. नीट ऐक, लाज म्हणून नाही."

"आय नो, बाबा," बहीण म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं.

हॉलमधल्या गादीवरून आजोबांचा आवाज आला. "लिव गं शेती. ज्वारी लिव."

बहिणीचं अक्षर वाईट होतं. म्हणून स्केचपेन मी घेतलं आणि हिरव्या रंगात, चांगल्या अक्षरात, मीच तो शब्द लिहिला. शाई पुसता येत नाही हे मला ठाऊक होतं. लगेचच मी तोंड धुवायला गेले आणि आरशात न बघता नळ सोडून उभी राहिले.

रविवारी खुर्च्या भरल्या होत्या. बाबा आले होते. आजोबा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. टोपी मांडीवर आणि हात टोपीखाली. मुलं एकेक करून पुढे यायची. कुणाकडे वकिली, कुणाकडे देशमुखी, कुणाकडे पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकी. एका मुलाने "आमच्याकडे भिक्षुकी होती, आता आयटी" असं वाचलं आणि मोठा हशा झाला. प्रत्येकाला टाळ्या मिळत होत्या.

बहिणीचं नाव आलं. ती पुढे गेली, तक्ता छातीशी धरला, लोकांकडे पाहिलं आणि मागे वळली. "कॅनॉट लाह. ताई, तू वाच."

"ये गं," काकू म्हणाल्या. "इतक्या महिन्यांत तुझा आवाजच ऐकला नाही आम्ही."

मी कधी चार माणसांसमोर बोलले नव्हते. शाळेत तोंडी परीक्षेला बाई बाकीच्यांना वर्गाबाहेर पाठवायच्या. मी पुढे जाऊन तक्ता हातात घेतला. आडनाव वाचलं. गाव वाचलं. कुलदैवताच्या रकान्यात बाबांनी आडवी रेघ मारली होती, ती मी सोडून दिली. कुणी काही विचारलं नाही.

मग हिरवा शब्द आला. तो चांगला दिसत होता.

मी थांबले. काकूंना वाटलं मला लाज वाटतेय. त्या मायेने पुढे झाल्या आणि लोकांना म्हणाल्या, "शेती हो यांच्याकडे. ज्वारी आणि भुईमूग. होय ना, आजोबा?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आजोबांनी टोपीखालचे हात आणखी आत ओढले आणि तोंड उघडलं. ते पुन्हा माझ्यासाठी बोलणार होते. बाबा जमिनीकडे बघत होते. आता मी जे बोलेन त्याने त्यांचं तीस वर्षांचं राखलेलं जाईल, हे मला कळत होतं. नाही बोलले तर आजोबा त्या खुर्चीतूनच पुसले जातील, हेही कळत होतं. दोन्हींपैकी एक मला करावंच लागणार होतं, आणि दोन्ही आपल्याच माणसाला लागणार होतं.

तक्त्याचा कागद मी खाली घेतला.

"शेती मी लिहिलंय," मी म्हणाले. "ते खोटं आहे. आमच्याकडे शेती नव्हती. माझे आजोबा कातडी कमावायचे, हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत. ते तिथे बसलेत. आणखी काही विचारायचं असेल तर त्यांना विचारा."