कापा मावशीचा बर्फ

कापा मावशीला बर्फावरच्या हॉकीतलं काडीचंही कळत नाही, असं मी तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. ती रशियातल्या आमच्या झ्लातोउस्त शहरात रिंकवर, म्हणजे हॉकीच्या गोठवलेल्या मैदानावर, बर्फ घासायचं मशीन चालवते. पायात लोकरीचे बूट, डोक्यावर गेलेल्या नवऱ्याची कानटोपी, खिशात सूर्यफुलाच्या बिया. पण एक टरफल बर्फावर पडू दे, मग कोणाची खैर नाही. एकदा तिने क्लबच्या अध्यक्षालाच खाली वाकून टरफलं वेचायला लावली होती. आख्खा सामना तिने आयुष्यात पाहिलेला नाही. खेळ सुरू झाला की बाई मशीनच्या खोलीत चहा घेऊन शब्दकोडं सोडवत बसणार.

आणि मी, वेन्यामिन, म्हणजे समुद्रापलीकडच्या एका मोठ्या क्लबचा इथला माणूस. दर जूनमध्ये तिकडचे क्लब ड्राफ्टमध्ये जगभरची अठरा वर्षांची पोरं निवडतात. त्याआधी कोण घेण्यासारखा आहे आणि कोण नाही, ते मी कळवायचं. यंदा आमच्याकडे एकच नाव होतं, सावेली कुपोरोसोव. बर्फावर चेंडूऐवजी असते ती चकती काठीला चिकटल्यासारखी खेळवायचा. पण मी सहा सामने पाहिले आणि सहाही वेळा पोरगं मधल्या रेषेवर उभं! आपल्या गोलवर हल्ला चाललाय, बाकीचे जीव तोडून पळताहेत, आणि हे साहेब वाट बघताहेत. मी अहवालात लिहिलं, ‘हुशार. आळशी. मागे येत नाही. घेऊ नका.’ संध्याकाळी तो पाठवला की सावेलीचं नाव यादीतून कटलंच.

सकाळी कँटीनमध्ये कोबीची पिरोश्की खात मी त्यावर शेवटचा हात फिरवत होतो, तेवढ्यात कापा मावशी समोर येऊन बसली.

“काय खरडतोयस?”

मी वाचून दाखवलं.

“आळशी? सावेली?” तिने ग्लास आपटला. “डोळे आहेत की बटणं?”

“मावशी, तू आपलं शब्दकोडं सोडव.”

“ऊठ. ऊठ म्हणते ना!”

मला दंडाला धरून तिने रिंकवर नेलं. सावेली नुकताच एकटा सराव करून गेला होता आणि मशीन अजून फिरायचं होतं.

“बघ.”

“काय बघू? ओरखडे?”

“अरे, आळशी माणूस वळतो. गोल, सुबक. मेहनती माणूस कचकन थांबतो आणि उलटा पळतो. वळलं तर नुसती रेघ उरते, थांबलं की बर्फ सोलून निघतो. आता सांग, इथे काय झालंय?”

आपल्या गोलसमोरचा बर्फ किसलेल्या बटाट्यासारखा झाला होता. पलीकडच्या टोकापासून रेघा सरळ इथवर येत होत्या आणि प्रत्येकीच्या शेवटी सोललेला ढीग होता. मोजायला गेलो, तर चाळीसच्या पुढे नाद सोडला.

“रोज असंच. खड्डे गोठून बुजावेत म्हणून मला इथे दोनदा पाणी टाकावं लागतं.”

“मग सामन्यात का उभा राहतो?”

“ते मला काय विचारतोस? ग्लेबला विचार. तोंड आहे ना?”

इथेच तर गोम होती. प्रशिक्षक ग्लेबने गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला नेलेलं माझं गिरमिट मोडून आणलं होतं. तेव्हापासून दोन हिवाळे आमचा अबोला. पण गेलो मुकाट्याने.

“मीच सांगितलंय त्याला पुढे थांबायला!” ग्लेब ओरडला. “आमचे बाकीचे रिकामा गोल दिसला तरी चकती छताला मारतात. मग गोल कोण करणार, तू? पोरगं दर सामन्यानंतर भांडतं माझ्याशी, मागे जाऊ द्या म्हणून. सहा वेळा आलास, एकदा तरी विचारलंस?”

“तू माझं गिरमिट मोडलंस!”

“ते आधीच मोडकं होतं!”

शरमेने माझे कान तापले. एका गिरमिटापायी पोराचं आयुष्य मी कचऱ्यात टाकणार होतो! अहवाल फाडला आणि नवा लिहिला, ‘जरूर घ्या.’ खाली कारणंही लिहिली. जूनमध्ये सावेलीचं नाव तिसऱ्या फेरीत पुकारलं गेलं, पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी अहवाल पाठवून मी मशीनच्या खोलीत गेलो. “मावशी, तुला एवढं कळतं, तर माझ्या वेळी का नाही बोललीस?” मीही अठराव्या वर्षी मोठ्या संघाच्या दारापर्यंत गेलो होतो. गुडघ्याने घात केला.

“तुझ्या वेळी ना,” ती कोड्यातून मान वर न करता म्हणाली, “गोलसमोरचा बर्फ काचेसारखा असायचा. माझं काम निम्मं व्हायचं.”

“पण माझा गुडघा…”

“गुडघा नंतर दुखायला लागला, राजा.”

असा संताप आला म्हणून सांगू! घरी जाईपर्यंत पुटपुटत होतो. जिन्यात पोचल्यावर मात्र हसूच फुटलं.

रविवारी आम्हा म्हाताऱ्यांचा सामना असतो. समोरचे हल्ला घेऊन आले आणि मी मधल्या रेषेवरून मागे पळालो. जन्मात पहिल्यांदा! आपल्या गोलसमोर कचकन थांबायला गेलो आणि गोलरक्षकाला घेऊन आडवा झालो. चकती मात्र माझ्या पोटाखाली अडकली.

सामन्यानंतर कापा मावशीचं मशीन तिथे येऊन थांबलं. ती उतरली, वाकून बघत राहिली.

“वेन्या! हा खड्डा कोणाचा?”

“माझा!”

“वाटलंच. बूट टेकल्याचा नाही, बूड टेकल्याचा आहे.” तिने पाण्याची बादली उचलली. “पण जागा बरोबर आहे हो.”