चौदाव्या किलोमीटरवरचे लाल ठिपके

“हात दाखवून अवलक्षण करायची हौस आली आहे तुम्हाला, दुसरं काही नाही!”

“अगं, पण ती वाट चुकीच्या जागी होणार आहे.”

“होऊ दे की! रस्त्याखालून वाट होतेय ना? मग जनावरं जातील तिथपर्यंत चालत. पाय आहेत त्यांना.”

“मग पाटी लावू का? हरणांनी कृपया चौदाव्या किलोमीटरवरून जावे?”

“लावा! आणि खाली सही ठोका. सहीचं फार कौतुक ना तुम्हाला!”

शिलाई मशीनचं चाक थांबलं. सहीचं बोलायला नको होतं, हे बायकोच्याही लक्षात आलं असावं. पण बोलून गेली ती गेली. तिने पुन्हा पायडल मारलं.

मामा बनियनवर उभे होते, कारण त्यांचं जाकीट मशीनवर होतं. त्याची पाठीवरची चकाकती पट्टी उसवली होती आणि ती लागल्याशिवाय त्यांना कामावर जाता येत नव्हतं. त्यामुळे भांडणातून उठून जायची सोयच नव्हती. दहा वाजता कार्यालयात इंजिनियर मॅडम नकाशावर खूण करणार होत्या. एकदा खूण झाली की संपलं. मामांना त्याआधी पोचायचं होतं आणि बायकोला नेमकं तेच नको होतं. पट्टी शिवायला इतका वेळ लागतो, हे मामांना तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कळत होतं.

मामा म्हणजे रस्ते खात्यातले कामगार. सख्खा भाचा एकही नाही, पण ट्रकवाल्यांपासून साहेबांपर्यंत सगळे मामाच म्हणतात. रानातून जाणारा बत्तीस किलोमीटरचा रस्ता त्यांच्याकडे. फांदी पडली, उचला. खड्डा पडला, बुजवा. आणि रात्री गाड्यांखाली जनावरं येतात, ती सकाळी उचला. हे शेवटचं काम कुणाला नको असायचं. अकरा वर्षांपूर्वी ते मामांच्या गळ्यात पडलं आणि तिथेच राहिलं.

सकाळी उजाडता उजाडता ड्रायव्हर पिकअप घेऊन दारात यायचा. मागे फावडं, कुदळ, ताडपत्री, चुन्याची गोणी. ससे, कोल्हे, साळिंदर, घुबडं, कधी रानडुक्कर, कधी हरीण. मामा जनावर कधी फरफटत न्यायचे नाहीत. ताडपत्री शेजारी अंथरायची, अलगद वर घ्यायचं, चार कोपरे धरायचे. उचलताना म्हणायचे, “चला, उठा आता, गाडी आली.” ड्रायव्हर नवा होता तेव्हा पहिल्या दिवशी त्याला हसू आलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तोही म्हणायला लागला.

पुरायची जागा मात्र एकच, चौदावा किलोमीटर. बाकी रस्त्याच्या कडेला सगळा खडक. फावडं मारलं की ठिणगी उडायची. चौदाला जमीन भुसभुशीत आणि खात्याच्या मालकीची. खड्डा खणायचा, चुना टाकायचा, माती लोटायची, आणि मग बांधावर बसून फॉर्म भरायचा. तारीख, प्राणी, किलोमीटर, सही.

मामांना हे काम शिकवणारा मुकादम मोठा कडक. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं, “काम हातावेगळं होईपर्यंत कागदाला हात लावायचा नाही. अर्धवट कामावर सही म्हणजे खोटी सही.” मामांनी ते अक्षरशः पाळलं. शेवटचं ढेकूळ बसेपर्यंत खिशातलं पेन बाहेर निघायचं नाही. मग बांधावर बसल्यावर समोर किलोमीटरचा दगड दिसायचा. त्याच्यावरचा आकडा बघायचा आणि लिहायचा. काम कुठे संपलं? चौदाला. मग लिहा चौदा.

अकरा वर्षं लिहिलं. कार्यालयात ते फॉर्म कपाटात जायचे आणि कपाटाला कुलूप लागायचं.

दोन महिन्यांपूर्वी नव्या मॅडम आल्या. तरुण, उत्साही. त्यांनी कपाट उघडलं, तीन दिवस शिंकल्या आणि सगळे फॉर्म नकाशावर चढवले. एक फॉर्म, एक लाल ठिपका. या रस्त्याखालून जनावरांसाठी वाट मंजूर झाली होती. एकच, दुसरी मिळणार नव्हती. कुठे करायची, ते ठिपके सांगणार होते.

गेल्या मंगळवारी बैठकीत नकाशा भिंतीवर लागला. एकतीस किलोमीटर कोरे करकरीत, आणि चौदावर कुणी लाल शाईची बाटली लवंडल्यासारखं.

“या एका माणसाच्या चिकाटीमुळे,” मॅडम म्हणाल्या, “आपल्याला आज जागा सापडली!”

टाळ्या पडल्या. फुलांचा गुच्छ मिळाला. मामांनीही टाळ्या वाजवल्या, गुच्छ काखेत धरून. चौदाला एवढी मरतात? त्यांना नवलच वाटलं. तिथे तर रस्ता सरळ, दोन्हीकडे मोकळं माळरान. आपलं कधी लक्ष कसं गेलं नाही?

परतताना पिकअपमध्ये त्यांनी विचारलं, “काय रे, चौदाला आपण कधी काही उचललंय?”

“चौदाला आपण पुरतो, मामा.”

“तेच म्हणतोय मी.”

“मग झालं तर.”

“मग ते ठिपके कसले?”

थोडं पुढे जाऊन ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, “मामा, तुम्ही फॉर्म कुठे बसून भरता?”

मामांनी मांडीवरचा गुच्छ उचलून पायाशी ठेवला.

तेव्हापासूनचे चार दिवस मामांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. चूक झाली ती सांगायची, यात त्यांना शंका नव्हती. पण नुसती चूक कशी सांगायची? खऱ्या जागा सांगायला हव्यात. त्यात काय अवघड? अकरा वर्षं उचललीत, आठवतीलच. शनिवारी सुट्टी होती, तरी दोघे रस्त्यावर निघाले, आठवणी गोळा करायला.

सहाव्या किलोमीटरच्या वळणावर मामा उतरले. “हे बघ. मोठ्या शिंगांचं हरीण इथे. पाऊस होता, आठवतं?”

“ते एकोणिसाला, मामा. खाणीजवळ.”

“अरे, पाऊस होता!”

“मग एकोणिसाला काय छत आहे?”

मामा डोळे मिटून हरीण आठवायला लागले. हरीण दिसलं, डोळे, ओली पाठ, सगळं दिसलं. त्याच्याखालचा रस्ता काही दिसेना.

“सापडलं ते चरात,” ड्रायव्हर म्हणाला, “पण रक्त बरंच मागून सुरू झालं होतं. धडक बसल्यावर पळालं ते. मग ठिपका कुठे द्यायचा? धडकेवर की चरात?”

“धडकेवर.”

“ती कुठे बसली?”

“मला काय विचारतोस? मी काय तिथे उभा होतो?”

“आणि ते घुबड? ते तर ट्रकच्या जाळीत अडकून नाक्यापर्यंत आलं होतं.”

प्रत्येक वळणावर हेच. सशांचं तर विचारूच नका, ससे सगळीकडे होते. साळिंदर पुलाजवळ, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. मग कोणता पूल, यावर मोडलं. दुपारपर्यंत मामांना वाटायला लागलं की आपण दुसऱ्याच कुणाच्या रस्त्यावर नोकरी केली.

शेवटी चौदाला आले. आणि तिथे मामा आणखीच चक्रावले. नव्या खड्ड्याची माती उकरलेली होती. भोवती ठसे. कोल्ह्याचे, बहुतेक दोन. कितीही चुना टाकला तरी वास लागतोच त्यांना. ठसे माळरानातून आले होते आणि डांबराच्या कडेला येऊन संपत होते. पलीकडच्या कडेला पुन्हा सुरू.

“म्हणजे इथेही ओलांडतात की!” ड्रायव्हर म्हणाला.

“आपण पुरतो म्हणून.”

“का म्हणून असेना. ओलांडतात ना?”

मामा ठशांकडे बघत म्हणाले, “चल घरी. मला काही कळेनासं झालंय.”

आणि आज, सोमवारी, ही पट्टी.

बायकोने दाताने दोरा तोडला, जाकीट झटकून पुढे केलं. मामा हात घालत होते, तेवढ्यात तिने साध्या आवाजात विचारलं, “खरी जागा माहीत आहे तुम्हाला?”

“माहीत आहे.”

“कोणती?”

“सहा.” मामांनी दुसरा हात घातला. “किंवा एकोणीस.”

बायकोला नको तेव्हा हसू फुटलं. मग ती गंभीर झाली. “अहो, ऐका माझं. उजेड पडायला लागल्यावर घरातून जाता, चुन्याचा वास घेऊन परत येता. अकरा वर्षांत कुणी शाबास म्हटलं नाही. आता म्हटलंय. बदल्यात त्यांना सांगणार काय? हे चूक. बरोबर काय ते मला ठाऊक नाही. याचा उपयोग कुणाला? हरणाला?”

वाईट हे होतं, की तिचं म्हणणं मामांना पटत होतं. तरी पायात बूट गेले आणि पिकअपचा हॉर्न वाजल्यावर ते बाहेरही पडले.

कार्यालयात मॅडम नकाशासमोर जाड मार्कर घेऊन उभ्याच होत्या. “या मामा! तुमच्याच हस्ते करू या खूण.”

मामांनी सांगितलं. खड्डा, बांध, समोरचा दगड, मुकादम, सगळं उलटसुलट, धापा टाकत. मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी टेबलावरचा फॉर्मचा गठ्ठा ओढला आणि चाळायला लागल्या. “चौदा... चौदा... चौदा...” पानं उलटायचा वेग वाढत गेला आणि एकदम थांबला. त्या खुर्चीत बसल्या.

“मामा, कुणीच कधी विचारलं नाही तुम्हाला? सगळी एकाच जागी कशी मरतात म्हणून?”

“नाही.”

“मीही नाही विचारलं.” त्यांनी कपाळ चोळलं. “हे बघा, दुपारपर्यंत जागा कळवायची आहे. नाही कळवली तर ही वाट दुसऱ्या रस्त्याला जाईल. नव्याने पाहणी करायला वर्ष लागतं, तेवढं कुणी थांबणार नाही. खरी जागा सांगा, मी कागद बदलते, माझी चूक म्हणून बदलते. तुमचं नाव येणार नाही. कुठे?”

“सहाचं वळण,” मामा म्हणाले.

दारातून ड्रायव्हर खाकरला. “एकोणीस.”

“सहा की एकोणीस?”

“हरणं सहाला... म्हणजे एक हरीण. डुकरं एकोणिसाला जास्त. पण डुकरं पुलाजवळही...”

“कोणत्या पुलाजवळ?”

मामा आणि ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले.

“बरं,” मॅडम म्हणाल्या, “उलटं विचारते. चौदाला केली तर एकही जनावर त्यातून जाणार नाही, असं छातीठोकपणे सांगता?”

मामांच्या डोळ्यांसमोर ते डांबराच्या कडेला संपलेले ठसे आले. “नाही,” ते म्हणाले. “ते नाही सांगता येत.”

“मग मी करू काय, मामा?” मॅडमच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “मी या रस्त्यावर दोन महिने आहे, तुम्ही अकरा वर्षं. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? एक आकडा सांगा. फक्त एक. तुम्ही म्हणाल तिथे करते.”

त्यांनी मार्करचं टोपण काढलं. मामा नकाशाजवळ गेले. सहावर बोट ठेवलं, उचललं. एकोणिसाकडे नेलं आणि मध्येच, कुठेच न टेकवता, खाली आणलं. ते कोऱ्या एकतीस किलोमीटरकडे बघत होते. आता सांगितलेला कुठलाही आकडा म्हणजे पुन्हा खोटी सहीच होणार होती.

“मामा?”

मामा वळले. दारातल्या ड्रायव्हरला हाताने बाजूला केलं आणि पायऱ्या उतरायला लागले.

“अहो मामा, आकडा?”

ते फाटकाबाहेर पडले आणि रस्त्याच्या कडेने चालू लागले.