आधी मेंढरं, मग तात्याबा

मंगळवेढ्याकडच्या माळावर तात्याबा धनगरासारखा चालणारा गडी दुसरा नव्हता. साठी उलटली तरी मेंढरांपुढं हाच. सोलापुरात टेम्पो चालवणारा लेक जोतिराम म्हणायचा, "आबा, आता बसा की." म्हातारा म्हणायचा, "बसलो की मेंढरं इकावी लागत्याली. मग मी कशाला जगू?" त्याला भीती होती ती एवढीच.

एका उन्हाळ्यात पहाटे उजव्या पायाचा अंगठा पेटला. लालबुंद, टम्म सुजलेला. घोंगडीचं टोक लागलं तरी जीव कळवळायचा. बायकोनं, अंबुबाईनं, वात समजून बिब्ब्याचा चटका दिला. आठवड्यानं सूज आपोआप उतरली आणि यश गेलं बिब्ब्याला. आपलं असंच असतं.

दुसऱ्या खेपेला जोतिरामनं बापाला उचलून सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टर शिवलीला मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, याला गाऊट म्हणतात. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे बारीक खडे सांध्यात जमतात आणि सुईसारखे टोचतात. काळीज, वजडी, दारू सोडा. पाणी भरपूर प्या. ही गोळी रोज घ्यायची, दुखत नसलं तरी. आणि दुखायच्या गोळ्या मनानं आणून खाऊ नका, किडनी जाईल."

तात्याबानं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

जत्रेत बकरं पडलं की काळीज-वजडीचं ताट मानानं त्याच्यापुढं यायचं. ते त्यानं खरंच परत केलं, भावकीनं टोमणे मारले तरी. दारूही सुटली. पाणी मात्र जमलं नाही. घराण्याची रीतच होती, मेंढरं प्यायल्याशिवाय मेंढक्यानं प्यायचं नाही. वैशाखात विहिरी आटलेल्या, पाणी गाठेस्तोवर दुपार कलायची, तोवर हा सुकल्या तोंडानं चालतोय. अंबुबाई बाटली भरून द्यायची. ती संध्याकाळी तशीच परत यायची.

"मुकं जनावर तान्हेलं, आन् मी त्याच्यापुढं घटाघटा पिऊ व्हय?" तो म्हणायचा. आता या माणसावर चिडावं, की त्याचे पाय धरावेत? मला तर दोन्ही वाटतं.

गोळीचंही तेच. दुखत नाही तर खायची कशाला, म्हणून रोजची गोळी बंद. ठणका लागला की बाजाराच्या गावातल्या मेडिकलमधून दुखायची गोळी आणायची, गिळायची आणि मेंढरांमागं निघायचं. हळूहळू ती रोजचीच झाली. पाय चालत होते ना, मग झालं तर. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात; हे मेलं मुंगीच्या पावलानं आलं.

तोंडावर सूज आली, लघवी कमी झाली, भाकरी नकोशी झाली, तेव्हा पुन्हा सोलापूर गाठलं. मॅडमनी रिपोर्ट पाहिले आणि जोतिरामला बाहेर बोलावलं.

"हितंच बोला," तात्याबा म्हणाला.

दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आता आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, जन्मभर.

"आन् मेंढरं?" त्यानं विचारलं. मॅडमनी जोतिरामकडं पाहिलं.

होटगीकडचं एक गिऱ्हाईक येऊन मेंढरं घेऊन गेलं. तात्याबा तेव्हा मशीनवर होता. जोतिरामनं मुद्दाम तोच वार धरला होता. बापाच्या डोळ्यांदेखत कळप हलवायची त्याची छाती झाली नाही.

आता म्हातारा-म्हातारी लेकाच्या दोन खोल्यांत राहतात. औषधं वेळेवर मिळतात, रक्त धुतलं जातं, तसा अंगठाही सुजायचा थांबला. परवा अंबुबाई पायाला तेल लावायला बसली. अंगठा हळूच दाबून तिनं विचारलं, "दुकतंय का?"

"न्हाय," तात्याबा म्हणाला. "लई दिस झालं, दुकत न्हाय. आता पार करमाळ्यापतूर चालीन."

एवढं बोलून तो रडायला लागला. अंबुबाई तेल लावत राहिली.