समोरच्या दुकानातला जुना कोलम

मानवतच्या मोंढ्यात माझ्या दुकानासमोर कुसुमबाईचं दुकान आहे. दोघंही तांदूळच विकतो. मला ही बाई डोळ्यासमोर नको असते, हे आधीच सांगून टाकतो. मी तिचं कौतुक करतोय असं कुणाला वाटायला नको.

नवरा गेल्यावर ती गल्ल्यावर बसली, तेव्हा मी म्हणालो होतो, सहा महिन्यांत शटर खाली येणार. त्याला अकरा वर्षं झाली. दारातच तिनं शेगडी ठेवलीय. गिऱ्हाईक बोट दाखवेल त्या पोत्यातला मूठभर तांदूळ शिजवायचा आणि बशीत घालून खाऊ घालायचा. लोक वरण मागायचेच तेवढे बाकी राहिलेत. त्या भाताचा वास माझ्या गल्ल्यापर्यंत येतो आणि माझं पित्त खवळतं.

आमच्याकडं भात पिकत नाही, गोंदियाकडून नाहीतर तेलंगणातून ट्रक येतो तेव्हा आमचा धंदा. दिवाळीनंतर नवा माल उतरला की भाव पडतो. लग्नसराईत मात्र जुन्या तांदळाला सोन्याचं मोल येतं, कारण नव्याचा गिचका होतो आणि वर्षभर मुरलेला मोकळा शिजतो. हे शेंबडं पोरही जाणतं.

तरी गेल्या दिवाळीत मी माती खाल्लीच. तिच्या दारातली गर्दी बघवेना, म्हणून पाटी लावली : जुना कोलम, किलोमागं सात रुपये कमी. तिनं भाव उतरवला नाही. उलट चौथ्या दिवशी पप्पू टेम्पोवाला माझ्याकडं आला. "सोनपेठला भंडारा हाय," म्हणाला आणि उरलेली चौदा पोती उचलून घेऊन गेला. बाईचं नाक कापलं म्हणून मी शेजारच्या दुकानांत पेढे वाटले.

गुढीपाडव्यापर्यंत जुन्याचा भाव किलोला बारा रुपयांनी चढला. माझ्याकडं सगळा नवा माल. माझी गिऱ्हाइकं माझ्या देखत रस्ता ओलांडून तिच्याकडं जायची आणि मी माश्या मारत बसायचो.

त्यातच वैशाखात माझ्या अबोलीचं लग्न ठरलं. बायको अनसूया म्हणाली, "दोन पोती कुसुमबाईकून आणा. लेकीच्या लग्नात तरी हट्ट करू नका."

"तांदळाच्या व्यापाऱ्यानं समोरून तांदूळ आणायचा? मोंढा हसंल मला!"

घरचाच नवा तांदूळ पाठवला आणि आचाऱ्याला छातीठोकपणे जुना म्हणून सांगितला. त्यानं जुन्याच्या मापानं जास्तीचं पाणी घातलं. झाकण काढलं तर आत लापशी! पाथरीहून आलेले व्याही दिनकरराव पंगतीला बसलेले.

अनसूयेनं बोलावलं म्हणून कुसुमबाई आली होती. तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि फोन लावला. पंधरा मिनिटांत पप्पूचा टेम्पो दोन पोती घेऊन मांडवाशी हजर. पुरी-बुंदीवर पंगत रेटून धरली आणि शेवटी भात आला. मोगऱ्याच्या कळ्यांसारखा.

दिनकररावांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. "तांदूळ कुठला हो उद्धवराव?"

मी त्यांच्या भातावर आणखी तूप वाढलं. मागून कुसुमबाईच म्हणाली, "त्यांच्याच दुकानातला हाय."

अंगाची लाही लाही झाली. अब्रू वाचवून वर खोटं बोलण्याचा मोठेपणाही हिनंच मिळवायचा! मी तणतणत चुलीमागं गेलो. तिथं पप्पूनं आणलेलं पोतं रिकामं पडलं होतं आणि त्याच्या तोंडाशी हिरव्या साडीचा काठ लोंबत होता. अनसूयेच्या जुन्या साडीचा. माझ्या दुकानातली पोती तीस वर्षं मी अशीच बांधतोय.

पप्पूची गचांडी धरली. "सोनपेठचा भंडारा काय रे?"

तो खाली बघायला लागला. "बाईंनीच पाठवलं होतं मला. म्हणल्या, उद्धवरावासारखा तांदूळ कुणाला मुरवता येत न्हाई, सस्त्यात वाया जायला नगं."

तीस वर्षांत माझ्या मालाला एवढं चांगलं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायचं तर ते नेमकं तिनंच म्हणावं, याचा मला अजूनही राग येतो.