मीठ कमी खाणाऱ्यांची पाहणी

आरोग्याची एखादी मोहीम निघते, पोस्टरं लागतात, रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली सूचना फिरतात. मग काही महिन्यांनी लोकांपर्यंत त्यातलं किती पोचलं हे विचारायला जो माणूस दारात उभा राहतो, तो मी. निम्म्या नातेवाइकांना मी डॉक्टर वाटतो आणि उरलेल्यांना पोस्टर चिकटवणारा. लग्नात दोन्ही गटांची माणसं एकदम भेटली, की मी पानाकडे लक्ष देऊन जेवतो.

ती मोहीम मिठाची होती. जेवणात मीठ कमी करा, रक्तदाब सांभाळा. घोषवाक्य ठरवायच्या बैठकीत मी होतो आणि त्यातला एक शब्द माझा होता. नारायणगुड्याच्या चौकात ते पोस्टर लागलं तेव्हा मी बायकोला स्कूटरवरून मुद्दाम तिकडून नेलं. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी माझं बोट दाखवणं चालूच. शेवटी ती म्हणाली, "वाचलं, वाचलं. चला आता."

पाहणीसाठी माझ्या वाट्याला गौलीगुड्याच्या गल्ल्या आल्या. बरोबर कार्यालयातली एक तरुण तेलुगू सहकारी होती. ती रक्तदाब मोजायची, मी प्रश्न विचारायचो. सकाळभर मी हवेत होतो. ज्याला विचारावं त्याला मोहीम तोंडपाठ! मीठ कमी केलं का? हौ, एकदम कम. वरून घेता का? नक्को साब. लोणचं, पापड? फक्त सणाला. या भागातले किराणावाले मीठ ठेवतात तरी कशाला, असं मला वाटायला लागलं. घराघरांतून लोणच्याच्या फोडणीचा वास येत होता, पण वासासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

दुपारी एका जुन्या घराशी आलो. कोर्टातून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांची बायको. माझ्या मराठी वळणाच्या हिंदीतली दोन वाक्यं ऐकून काकू आतूनच म्हणाल्या, "हे तर आपलेच दिसायलेत! आत या की, दारात कामून उभे?"

प्रश्न झाले. उत्तरं नेहमीसारखीच आदर्श होती. पण रक्तदाब मोजायची वेळ आली तशा काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको बाबा. ते हाताला आवळतंय. मला भ्याव वाटतं."

अशा वेळी काय करायचं, ते मी प्रशिक्षणात दुसऱ्यांना शिकवतो. मी बाही वर केली आणि म्हणालो, "काकू, बघा. मी स्वतःला लावून दाखवतो. काही होत नाही."

पट्टा फुगला, सैल झाला. सहकारी यंत्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, पाँच मिनिट शांत बैठिए." मी बसलो. तिनं पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या हाताला लावून पाहिलं. एव्हाना काकू चष्मा लावून वाकल्या होत्या. "अगं बाई! ह्यांना आडवं करा आधी!"

लोकांना जागृत करायला आलेला मी त्यांच्या दिवाणावर पंख्याखाली पडलो. काका उशाशी पाणी घेऊन उभे. काकूंनी खुर्ची ओढली आणि माझेच प्रश्न मला विचारायला सुरुवात केली.

"वरून मीठ घेता का?"

"फार नाही," मी म्हणालो. सकाळपासून ऐकलेलं उत्तर किती सहज तोंडात येतं, ते तेव्हा कळलं.

"सर," सहकारी हळूच म्हणाली, "रोज मिर्चीभजी. पेरू पे नमक. दही में भी."

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या दोघांच्या आणि माझ्या सहकारीच्या पानात आवकायचं, म्हणजे कैरीचं लालभडक तेलुगू लोणचं, भाजलेला पापड; माझ्या पानात वरणभात. लोणच्याकडे माझी नजर गेली तशी काकूंनी बरणी उचलून मागच्या फळीवर ठेवली. जाताना माझा फोन नंबर लिहून घेतला.

हिमायतनगरच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. घरी मी मोठ्या निश्चयानं मिठाची वाटी टेबलावरून हलवली. आठवड्याच्या आत ती कशी कोण जाणे माझ्याच हातानं परत आली. घोषवाक्य मला पाठ होतंच. दही खातानाही आठवत होतं.

सोमवारी काकूंचा फोन आला. "गोळी घेतली का?"

"घेतली."

"बायकोला द्या फोन."

दिला, आणि माझं स्वातंत्र्य संपलं. गोळी घेतली नव्हती, हे बायकोनं तिथंच सांगून टाकलं. पुढं दर सोमवारी दोघी बोलायला लागल्या, आधी माझ्या रक्तदाबाबद्दल, मग एकूण माझ्याबद्दल. काय काय बोलणं होतं ते मला सांगितलं जात नाही. फोन ठेवल्यावर बायको हसत असते. लोणचं कुलपात गेलं. दोन महिन्यांनी डॉक्टर खूश झाले.

अहवालाच्या बैठकीत मी हे सगळं साहेबांपुढं मांडलं. म्हणालो, "पोस्टर वाचून कुणी बदलत नाही, सर. कुणीतरी फोन करून पिच्छा पुरवला पाहिजे."

"पुरावा?"

"मी."

सगळे हसले, मीही हसलो. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये, हे वाक्य त्या खोलीत सगळ्यांत जास्त वेळा मीच म्हटलेलं आहे. अहवालात गेलं ते असं: संदेश बहुसंख्य लोकांपर्यंत पोचला असून वर्तनात समाधानकारक बदल दिसतो. सही माझी. पुढच्या मोहिमेसाठी आणखी मोठं पोस्टर मंजूर झालं.

काकूंनी अजून पट्टा लावून घेतलेला नाही. मागच्या सोमवारी मी धीर करून विषय काढला, तर म्हणाल्या, "माझं राहू द्या. तुम्ही आज काय खाल्लं ते सांगा."